पुणे–पाचगणी–पुणे : दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे

ब्रेव्हे ही सायकलची शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत आणि स्वतःच्या बळावर पार करायचं, एवढीच तिची अट. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात ही चारही अंतरं पुरी करणारा ‘सुपर रँडोनर’ ठरतो. निकालाच्या यादीत पहिला-दुसरा असा क्रमांक लावत नाहीत. दुपारी तीनला परतलेला आणि शेवटच्या मिनिटाला पोचलेला, दोघांचा मान सारखाच. वाटेत ‘कंट्रोल’ असतात. तिथे ब्रेव्हे कार्डावर वेळ आणि शिक्का घ्यायचा. जिथे माणूस बसवणं शक्य नसतं तिथे टपरीवजा हॉटेलची पावती किंवा एटीएमची चिठ्ठीही चालते, कारण तिच्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेली असतात.

या प्रकाराचं मूळ फ्रान्समध्ये आहे. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही १२०० किलोमीटरची दौड १८९१ मध्ये पहिल्यांदा झाली. तिला तेव्हा शर्यतीचं रूप होतं. आज ती दर चार वर्षांनी ९० तासांच्या मुदतीत भरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एका कप्तानाच्या मागे, एकाच वेगाने, जथ्याने जायचं अशी पद्धत रुळली होती. १९२१ मध्ये ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ने ज्याला त्याला आपापल्या वेगाने जाऊ देणाऱ्या ब्रेव्हे सुरू केल्या. या खेळाच्या इतिहासातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. शिरवळला दोन वडापाव खाऊन निवांत निघणारा आणि पाण्याच्या घोटापुरताही न थांबणारा एकाच ब्रेव्हेत बसतात, ते या एका निर्णयामुळे.

पुण्याहून पाचगणी साधारण शंभर किलोमीटर. त्यामुळे जाऊन-येऊन दोनशेचा हिशोब नेमका जुळतो. जानेवारीतल्या त्या ब्रेव्हेची सुरुवात पहाटे सहाला होती. हेल्मेट, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तपासून कार्डं हातात पडली आणि कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा असं करत वाई आली. हायवेच्या त्या तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते, रस्त्याकडेच्या खडीवर नजर ठेवावी लागते आणि मन थकतं. वाईपासून मात्र रस्त्याचा बाजच बदलतो. शाहीर साबळे यांचं जन्मगाव पसरणी मागे पडतं, घाट सुरू होतो आणि वळणावळणाला कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी उजळत जातं. सायकलवरून हा घाट चढायला लागतो तेवढा वेळ त्याला द्यावा, इतका तो देखणा आहे.

याच घाटात, पाचगणी पाच किलोमीटरवर असताना, एक मुलगी कठड्याला टेकून उभी होती. साताऱ्याकडची, कॉलेजात शिकणारी, तिची ही पहिलीच ब्रेव्हे. मागचा डिरेलर आऱ्यांत अडकून हँगर मधोमध तुटला होता आणि चेन लोंबत होती. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. शिवाय जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा, त्यामुळे खाली वाईत दुकान उघडं सापडलं तरी हवा तो मिळण्याची शक्यता थोडी. घरच्या गाडीने सुटा भाग घेऊन घाटात येणं नियमात बसत नाही. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. बरोबरचे रायडर मात्र एकमेकांना मदत करू शकतात. आम्हा तिघाचौघांकडे पंप, ट्यूब, ॲलन-की सगळं होतं. चेन टूल कुणाकडेच नव्हतं.

तिने ब्रेव्हेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुटलेल्या हँगरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं : डीएनएफ. म्हणजे आपली ब्रेव्हे इथेच संपली. कंट्रोलवरच्या व्हॉलंटिअरचं लगेच उत्तर आलं, ‘कंट्रोल १२.४० ला बंद. आत्ता सव्वाअकरा. थांब.’ पाठोपाठ दुसरा मेसेज : ‘काका शिक्का घेऊन निघतायत. त्यांच्याकडे चेन टूल आहे. तुझं लोकेशन टाक.’

काका उतारावरून आले, सायकल भिंतीला लावली आणि ‘नमस्कार’च्या आधी विचारलं, “चेन कितीची? दहा स्पीड?”

“हो काका. पण राहू द्या, तुमचा वेळ जाईल.”

“माझा वेळ माझ्याकडे भरपूर आहे बाळा. तू मागचं चाक उचलून धर.”

काकाही याच ब्रेव्हेतले रायडर, पाचगणीचा शिक्का घेऊन परतीला लागलेले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेला हा माणूस. बोटांच्या पेरांत काळं वंगण कायमचं मुरलेलं. त्यांनी डिरेलर काढून तिच्याच बॅगेत ठेवला आणि चेन टूलने पिन सारून चेन तोडली. आता प्रश्न एकच होता : गिअर कोणता? डिरेलर नसला की चेन आखूड करून एकाच चकतीवर पक्की बसवावी लागते आणि पुण्यापर्यंत तोच एक गिअर. हलका घेतला तर घाट चढेल, पण हायवेवर पाय नुसते गरगर फिरतील. जड घेतला तर घाटातच गुडघे धरतील. काकांनी पुढे ३४ दात्यांची लहान चकती ठेवली आणि मागे २१ ची धरून पाहिली. चेन सैल पडली. सैल चेन धक्क्याने उडते. मग २५ ची. चेन ताठ आणि सरळ रेषेत बसली.

“हीच. पुढे पाच किलोमीटर चढ आहे, तो बसून चढायचा, उभं राहून दाबायचं नाही. परतीला सपाटीवर सोळा-सतराच्या वर पळणार नाहीस. पुरतं का बघ.”

तिने मनाशी हिशोब केला. पाचगणीहून वेळेत निघाली तर उरलेल्या शंभर किलोमीटरला पावणेसात तास, म्हणजे ताशी सरासरी पंधराच्या आत. “पुरतं,” ती म्हणाली. काकांच्या पाउचमधून क्विक लिंक निघाली, तीही दहाचीच. ती बसवून त्यांनी पॅडल दोनदा उलटं, दोनदा सुलटं फिरवलं, कान देऊन आवाज ऐकला आणि हात पुसायला रस्त्याकडेचं गवत उपटलं. सगळ्याला अर्धा तास लागला. फोटो काढायचा आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, “वर जाऊन काढा, शिक्क्याबरोबर,” आणि उताराला लागले. ती साडेबारा वाजून गेल्यावर पाचगणीत पोचली. कंट्रोलचं टेबल स्ट्रॉबेरीच्या गाड्यांशेजारी होतं. व्हॉलंटिअर टोपण काढलेलं पेन घेऊन रस्त्यावरच उभा होता.

धाडसी सायकलपटूंची महाराष्ट्रात वाण नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ ती एकट्याने पार करून आले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये, विशीत, सायकलवरून पृथ्वीला फेरी घातली. या लोकांचे पराक्रम वाचून अनेकांनी सायकल घेतली आणि ते त्यांचं ऋण आहेच. पण मंगळवारी पहाटे गजर वाजल्यावर अंथरुणातून उठवणारी प्रेरणा वेगळी असते. ती ग्रुपवर ‘साडेपाचला कात्रज, कोण येतंय?’ असं विचारणाऱ्याकडून येते. घाटात काकांना पाहिल्यापासून माझी तरी याबद्दल खात्री आहे.

या ग्रुपचं तंत्र साधं आहे. ब्रेव्हेच्या दिवशी त्यावर शुभेच्छा आणि सूर्योदयाचे फोटो टाकायला मनाई असते. लोकेशन, बिघाड, रस्त्याची खबर आणि कंट्रोलच्या वेळा, एवढंच. ज्याच्याकडे हत्यार आहे त्याला ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचवणं हे फोनचं काम तिथे चोख होतं, ते या शिस्तीमुळे. स्ट्राव्हाची गोष्ट निराळी. २००९ पासूनच्या या ॲपने जगभरच्या सायकलवाल्यांना एकमेकांचे रस्ते दाखवले, पण त्याच्या सेगमेंटच्या याद्या मला कधीच रुचल्या नाहीत. घाट कोणी किती मिनिटांत चढला याची तिथे उतरंड लागते. सायकल थांबलेली असताना गेलेला वेळ ‘मूव्हिंग टाइम’मधून वगळला जातो, त्यामुळे काकांच्या त्या दिवसाच्या नोंदीत घाटातला अर्धा तास हिशोबातून गळतो. ब्रेव्हेच्या घड्याळात मात्र तो पुरा धरला जातो आणि त्यांनी तो आपल्या साडेतेरा तासांतून दिला होता.

परतीचा प्रवास उन्हाचा, समोरच्या वाऱ्याचा आणि खंबाटकीच्या बोगद्यातल्या कानठळ्यांचा. शिवापूरनंतरचा कात्रजचा चढ तिने बसूनच काढला आणि सव्वासातच्या सुमारास, मुदत संपायला पंधरा मिनिटं असताना, कार्ड टेबलावर ठेवलं. काका तोवर चहा पिऊन घरी गेले होते.

कार्डं जमा झाली की आयोजक वेळा तपासून निकाल पॅरिसला पाठवतात. तिथून मान्यता मिळालेल्या प्रत्येक ब्रेव्हेला स्वतंत्र क्रमांक येतो. तो येण्याआधीच ग्रुपवर बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीत दोन गोष्टी वाढल्या होत्या : आपल्या फ्रेमचा सुटा हँगर आणि चेन टूल. दोन्हींच्या किमती आणि पुण्यात ती कुठे मिळतात हे त्याच मुलीने शोधून लिहिलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं की ३०० च्या ब्रेव्हेची नोंदणी कधी सुरू होते.