गुडघेदुखी : ऑपरेशन करायचं की थांबायचं?



घरात आईवडिलांचे गुडघे दुखत असतील, तर हा प्रश्न तुमच्याही दारात आलाच असेल. माझ्या आईला सहा वर्षांपासून त्रास आहे. शेजारणी म्हणतात तेल चोळा, पाहुणे म्हणतात गुडघा बदलूनच टाका. आई म्हणते, "ऑपरेशन फसलं तर तुझ्यावर भार नको गं."

आधी उपाय नीट समजून घेऊया. झिजलेली कूर्चा गोळीने परत येत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं दबतं, पण रोज घेतल्या तर पोटाला आणि किडनीला धोका असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवडे, फार तर काही महिने. वजन १ किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा तर पहिला उपचार. फुकट आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही!

सांधेबदलही वाईट नाही. बहुतेक कृत्रिम सांधे २० वर्षांहून जास्त टिकतात. २०१७ मध्ये सरकारने त्यांच्या किमतीवर मर्यादाही घातली. पण रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, की मग त्याचा विचार.

आई अजून स्वतः दळण आणते. म्हणून डॉक्टरांशी बोलून आम्ही तीन महिने व्यायामाला द्यायचं ठरवलंय. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे. मोजायला माझी पहिलीतली लेक बसते.

तुम्हीही आधी विचारा : एक्स-रे काय म्हणतो यापेक्षा, आईला आज काय जमत नाही?