टेनारचे नाव

अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही कादंबरीमाला मी दर चार-पाच वर्षांनी पुन्हा हाती घेतो. पहिला भाग १९६८ चा. त्या द्वीपसमूहात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ठाऊक असणे हीच जादू. रोक बेटावरील विद्यार्थी एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या घोकतात. मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते, पाठ झाले तेवढेच उरते. कोशात रमणाऱ्या माझ्यासारख्याला याहून रम्य पाठशाळा कोणती असणार?

पूर्वी मी गेड या जादूगारासाठी वाचत असे. आता दुसऱ्या भागापाशी रेंगाळतो. लहानग्या टेनारला देवस्थानाला वाहतात, तिचे नाव काढून घेतात. पुढे ती केवळ ‘आर्हा’, म्हणजे भक्षिलेली. कित्येक वर्षांनी भूमीखालच्या अंधारात गेड तिला तिच्या नावाने संबोधतो.

गेल्या खेपेस ते पान ओलांडवेना. माझ्या आईचे नावही लग्नात बदलले. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले. माहेरचे नाव फक्त मामा घेत. ते गेल्यावर घरात ते कोणी उच्चारले नाही.

‘तेहानु’त (१९९०) टेनार प्रौढ विधवा आहे. गाँट बेटावरचे लोक तिला ‘गोहा’ म्हणतात. तिथल्या बोलीत ते एका लहान पांढऱ्या कोळ्याचे नाव.

मुलाने आईला नावाने हाक मारणे आपल्यात बसत नाही. तरी परवा पुस्तक मिटून मी आईला माहेरच्या नावाने हाक मारली. तिने चटकन ‘ओ’ दिली आणि दाराकडे पाहिले.