माग काढावा, पण कसा?

मैत्रिणींनो, खरं सांगा, एखाद्या लहानग्याच्या खुनाची बातमी पेपरात आली आणि गुन्हेगार सापडला नाही असं वाचलं, की तुम्ही-आम्ही काय करतो? हातातलं काम बाजूला राहतं, आणि दुपारी गहू निवडता निवडता आपण निम्मा तपास पुरा करून टाकतो. ‘मला विचाराल तर घरातल्याच कुणाचं तरी काम आहे हे!’ असं कुणीतरी म्हणतं, दुसरी त्यात भर घालते.

हसू नका. बाईमाणसाची नजर असतेच तशी. कुणाच्या दारात अनोळखी चपला दिसल्या, कुणाच्या घरचं पोर दोन दिवस खेळायला आलं नाही, हे पोलिसांच्या आधी आपल्याला कळतं. ही नजर वाईट नव्हे. तिच्यामुळे महाराष्ट्रातलं एक भयंकर प्रकरण उजेडात आलं. पण अशाच संशयापायी निरपराध माणसं जिवाला मुकली, हेही तितकंच खरं.

आधी चांगलं सांगते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, ही नावं तुम्ही विसरला नसाल. १९९० ते १९९६ या काळात या तिघी लहान मुलं पळवत होत्या. देवळात, जत्रेत, स्टँडवर, जिथे गर्दी तिथे पाकिटं आणि दागिने मारायचे, आणि पकडलं गेलंच तर कडेवरचं पोर पुढे करून लोकांची दया मिळवायची. पोर नकोसं झालं की त्याला संपवायचं. तेरा मुलं पळवल्याचा आणि निदान पाच मुलांच्या खुनाचा गुन्हा पुढे कोर्टात शाबीत झाला.

सहा वर्षं हे चाललं आणि कुणाला पत्ता नाही! याचं कारण ऐकून पोटात कालवतं. पुष्कळशी मुलं भिकाऱ्यांची, फुटपाथवरच्यांची, गरिबांची. त्यांच्यासाठी चौकीत बसून राहणारं कोण होतं? एक पोर कोल्हापूरला गेलं, दुसरं दुसऱ्याच शहरात. धागा जोडायचा कुणी?

तो जोडला एका आईने. अंजनाबाईच्या नवऱ्याने तिला सोडून दुसरं लग्न केलं होतं. या दुसऱ्या बायकोची नऊ वर्षांची मुलगी १९९५ मध्ये नाहीशी झाली. आईचा संशय सवतीवर होता. पुढच्या वर्षी धाकट्या मुलीवरही त्यांचा डोळा आहे अशी चिन्हं दिसली, तेव्हा ही बाई पोलिसांकडे गेली. १९९६ मध्ये नाशिकला तिघी पकडल्या गेल्या. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि एकेक प्रकरण बाहेर आलं. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात वारली. दोघी बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या कोर्टाने फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला फार विलंब झाला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली.

त्या आईने काय केलं पाहा. तिच्याकडे कसलं यंत्र नव्हतं. घरातली माणसं तिला ठाऊक होती, एवढंच. सवतीच्या दारात जाऊन तिने दगड मारला नाही. जे माहीत होतं ते योग्य जागी जाऊन सांगितलं.

आता दुसरी बाजू. माझं सासर प्रकाशा, तापी-गोमाईच्या संगमावरचं. दक्षिण काशी म्हणतात आमच्या गावाला. केदारेश्वराच्या दर्शनाला, अस्थी घेऊन, पर्वणीला, बाराही महिने बाहेरची माणसं येतात. अनोळखी चेहऱ्याचं आम्हाला नवल नाही. पण २०१८ च्या उन्हाळ्यात मोबाईलवर ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे निरोप फिरायला लागले आणि गावाची नजरच बदलली. आमच्या गल्लीत दर वर्षी येणारी बोहारीण त्या दिवशी आली, तर चार जणींनी पोरं आत घेऊन दारं लावली. एक म्हणाली, ‘हिच्या गाठोड्यात काय आहे ते बघाच!’ माझ्या सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी तिला हाक मारली, पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, ‘माय, तुझी लेक कशी आहे गं? गेल्या साली पोटुशी होती ना?’ तिने नातवाचं नाव सांगितलं. दारं एकेक करून उघडली.

सासूबाईंनीही चौकशीच केली हो. फक्त माणसाला माणूस समजून केली.

काही दिवसांतच, १ जुलै २०१८ ला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याची बातमी आली. साक्री म्हणजे काही परमुलूख नव्हे. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आणि आम्ही एकाच धुळे जिल्ह्यातले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मूल कुणाचंच पळवलं गेलं नव्हतं! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. मारणाऱ्यांना मात्र वाटत होतं, आपण पोरांना वाचवतो आहोत.

मग ऐकीव सोडून हातात खरा पुरावा लागला तर? तिथेही सांभाळावं लागतं. आमच्या गावच्या टेकाडावर १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. तिथे खापर सापडलं की आधी ते कोणत्या थरात होतं हे लिहायचं, मग उचलायचं. थर न पाहता उचललं, तर उरतं नुसतं खापर. ते कोणत्या काळाचं, कुणाला सांगता येणार?

दिल्लीजवळच्या निठारीत नेमकं हेच नडलं. तिथली मुलं नाहीशी होत होती आणि गरीब आईबापांच्या तक्रारीकडे कुणी लक्ष देईना. शेवटी लोकांनी स्वतःच शोध घेतला आणि डिसेंबर २००६ मध्ये एका घरामागच्या नाल्यात हाडं सापडली. त्या बापांना दोष कसा द्यावा? ऐकणारं कुणी असतं तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. पण उकरण्याआधी जागा बंद केली नव्हती, आरोपीचं सांगणं वेळच्या वेळी लिहिलं नव्हतं. पोलिसांचं हे काम कोर्टात टिकलं नाही. घरमालक २०२३ मध्ये सुटला, नोकर नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटच्या खटल्यातूनही सुटला. त्या मुलांना कोणी मारलं, याचं उत्तर एकोणीस वर्षांनंतरही त्यांच्या आयांना मिळालेलं नाही.

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी पदरात बांधून ठेवा.

मूल दिसेना झालं तर ‘रात्रीपर्यंत वाट पाहू’ म्हणू नका. तक्रार येताच गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बजावलं आहे. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. १०९८ आणि ११२ हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

संशय आला तर दिवस, वेळ आणि डोळ्यांनी काय पाहिलं ते वहीत लिहा. ऐकलेलं वेगळं लिहा.

सापडलेली चप्पल, फ्रॉक, दप्तर यांना हात लावू नका. कपडा तर मुळीच धुऊ नका. जागा तशीच ठेवून पोलिसांना बोलवा.

आणि मोबाईलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी विचारा, कुणाचं मूल? कोणत्या गावचं? केव्हाची गोष्ट? उत्तर नसेल तर तो निरोप तुमच्यापाशीच थांबू द्या.

आणखी एक. स्टँडवर, घाटावर, देवळाच्या पायरीवर जी पोरं असतात, तीही आपल्या नजरेतली असू द्या. रोज दिसणारं पोर चार दिवस दिसलं नाही तर त्याच्या आईला विचारा, आणि गरज पडली तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. तिला एकटीला बाहेर बसवून ठेवतील. दोघींना बसवून ठेवणं जरा अवघड जातं.