कवचाचे ओझे

विमान जितके अवाढव्य, तितका त्याचा इंधनभार मोठा. आणि तो भार वाहण्यासाठी पुन्हा अधिक इंधन. या चक्रातून सुटण्यासाठी अमेरिकेने अणुशक्तीचा विचार केला. १९५५ ते १९५७ या काळात १ मेगावॅटची अणुभट्टी नेणाऱ्या एनबी-३६एच विमानाने ४७ उड्डाणे केली. ती भट्टी विमान चालवत नव्हती. किरणोत्सारापासून बचाव कितपत होतो, हे तपासायचे होते. त्यासाठी वैमानिकांचा कक्ष शिसे व रबराच्या सुमारे ११ टनी कवचात बंदिस्त केला होता. इंधनाचे ओझे उतरवू पाहावे, तर कवचाचे चढत होते. शिवाय विमान कोसळलेच, तर जमिनीवरच्या माणसांना कवच कोणते? १९६१ मध्ये केनेडी यांनी हा कार्यक्रम थांबवला. आज मोठ्या विमानांसाठी द्रवरूप हायड्रोजनचा विचार होत असताना, शक्तीबरोबर अपघाताचाही हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा.