डेटाचा खटला

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला डेटा यंत्र आहे, तरी मी त्याला माणूसच म्हणतो. 1989 साली आलेल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात एका शास्त्रज्ञाला डेटाला सुटं करून त्याच्यासारखी आणखी यंत्रं घडवायची असतात. डेटा त्याला नकार देतो आणि अंतराळ ताफ्यातल्या नोकरीचा थेट राजीनामा देतो. मग सुनावणी लागते, ती एवढ्याचसाठी की ताफ्याच्या मालकीच्या वस्तूला राजीनामा देता येतो का.

कोरेगाव भीमात मी दहावीची शिकवणी घेतो. दिवाळीनंतर हा भाग मुलांना लॅपटॉपवर दाखवला, मधे मधे थांबवून मराठीत सांगत. रोबोटचं त्यांना अप्रूप नव्हतं. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांतले वेल्डिंगचे रोबोट त्यांच्या घरच्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. मुलं गप्प झाली ती गायननच्या प्रसंगात. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्गची. गायनन कॅप्टन पिकार्डला सांगते की, वापरून टाकून द्यायची माणसं अनेक जगांत होऊन गेली. नकोशी कामं करून घ्यायला ती लागतात आणि त्यांच्या हालांचा विचार कुणाला करावा लागत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हे कंत्राटी कामगारांसारखंच झालं. पप्पांना सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात. मग परत नवीन गेटपास."

त्या दिवशी भूमिती झाली नाही.

मी त्यांना नदीपलीकडच्या जयस्तंभाबद्दल सांगितलं. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरली आहेत आणि त्यांत महार शिपाई बरेच आहेत. त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या पूर्वजांची नावं दगडात होती, त्यांना आपली लायकी कागदावर मांडावी लागली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली तसा अर्ज केला. 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर स्तंभाला मानवंदना द्यायला आले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

म्हणून मला त्या भागातली न्यायाधीश फिलिपा लूव्हॉ फार मोलाची वाटते. डेटाला आत्मा आहे का, हे मला माहीत नाही, मला स्वतःला तरी आहे का, तेही माहीत नाही, असं ती म्हणते. आणि तरीही निकाल देते की, तो कुणाची मालमत्ता नाही. स्वतःचं काय ते त्यानं ठरवावं. पुरावा पूर्ण होईपर्यंत ती त्याचा हक्क अडवून धरत नाही.

याच मालिकेच्या आधीच्या 'स्टार ट्रेक'मधला 1969 चा एक भाग दाखवायला मात्र माझा हात बरीच वर्षं धजला नाही. त्यात एकाच ग्रहावरचे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. दोघांचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. कॅप्टन कर्कला फरकच दिसत नाही. एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी, एवढाच तो. ग्रहाजवळ पोचल्यावर कळतं की तिथं कुणीच जिवंत उरलेलं नाही, आणि तरी ते एकमेकांच्या मागे धावतात. हात न धजण्याचं कारण आहे. 1 जानेवारी 2018 ला इथं दोन गटांत दगडफेक झाली, गाड्या जळल्या, एक तरुण जिवानिशी गेला. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं शेजारी-शेजारी बसतात.

डेटाच्या खटल्यावर त्यांचं भांडण अजून चालू आहे, ते डेटाचा सहकारी अधिकारी रायकर याच्यावरून. मित्राविरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्यावर येतं, आणि ते मनापासून केलं नाही तर डेटा यंत्र ठरणार असतो. तो डेटाचा हात काढून दाखवतो, सगळ्यांसमोर त्याला बंद करतो. एका मुलाचं म्हणणं, "मी असतो तर उभाच राहिलो नसतो, सर." शेजारचा त्याला म्हणतो, "मग तो हरलाच की रे!" कंत्राटी कामगाराची ती मुलगी रायकरच्या बाजूनं आहे. खटल्यानंतर डेटा स्वतः त्याच्याकडे जातो आणि सांगतो की, तुला त्रास झाला, पण त्यानंच मी वाचलो. एवढं तिला पुरेसं वाटतं. मला अजून वाटत नाही.

1969 चा भाग यंदा जानेवारीच्या आधी दाखवायचं ठरवलंय. पालकांनाही निरोप दिला आहे.