पोस्टरवरचा नंबर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागच्या वेळी पाऊस आणि ऊसतोडीवर लिहिलं होतं, तेव्हा धाकट्या काकांचा फोन आला होता, "कुस्तीवर लिही की कधीतरी, कुंडलचा म्हणवतोस ना?" तर काका, हे घ्या कुस्तीवर. पण तुम्हाला आवडेलच असं नाही.

आधी बाहेरच्या मंडळींसाठी थोडं. कुंडल म्हणजे सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं आमचं गाव. किर्लोस्करवाडी स्टेशनला उतरायचं. पत्री सरकारच्या काळात भूमिगतांना ज्या गावांनी पोटाशी धरलं, त्यातलं एक. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड इथलेच. आणि दुसरी ओळख म्हणजे कुस्तीचं मैदान. टेकडीच्या उतारावर माणूस बसतो, उतार दिसेनासा होतो, खाली हलगी कडाडत असते. ज्यानं ते पाहिलं नाही त्याला सांगून समजत नाही.

मैदानाच्या आधी काही दिवस पोस्टर लागतं. सगळ्यात वर पहिल्या क्रमांकाची कुस्ती, मोठे फोटो, मोठं इनाम. मग दुसरा, तिसरा क्रमांक. फोटो लहान होत जातात. खाली 'चटकदार कुस्त्या' म्हणून नुसती नावं, तीही भिंगातून वाचावीत अशी. त्याच्याही खाली पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, त्यांना नावंही नसतात. जोड लावताना वजन, तब्येत, मागच्या कुस्त्या आणि वस्तादाचा शब्द हे सगळं बघतात. बाहेरच्याला वाटेल, नंबरात काय आहे, कुस्ती तर कुस्तीच. पण नंबरावर इनाम असतं, इनामावर खुराक. दूध, तूप, बदाम हे फुकट येत नाही. गरिबाच्या पोराचा नंबर दोन मैदानांत घसरला की तिसऱ्या मैदानाला त्याची तब्येतच उतरलेली दिसते.

आता जरा लांब जाऊ.

२०१४ च्या मे महिन्यात मी ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत सेंट लुईसला होतो. शनिवारी एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो, तर तिथं सगळे टीव्हीसमोर. म्हटलं मॅच असेल. मॅच नव्हतीच! त्यांच्या फुटबॉलचा ड्राफ्ट चालला होता. (त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा. त्यावर पुन्हा कधीतरी.) कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं संघांनी एकेक करून उचलायची, सात फेऱ्या. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात ढ, त्याचा नंबर आधी. मला हे फार आवडलं, आपल्याकडे ढ मुलाला मागच्या बाकावर बसवतात. :) ज्याला पहिल्यांदा उचललं तो त्याच दिवशी कोट्यधीश. सातव्या फेरीतल्याला संघात टिकायचीही खात्री नाही. म्हणजे आमचं पोस्टरच की!

त्या दिवशी सगळे एका नावाची वाट बघत होते. मायकेल सॅम. मिझुरी विद्यापीठाचा, म्हणजे त्यांच्याच राज्यात खेळलेला पोरगा. २०१३ च्या मोसमात, त्यांच्या सगळ्यात तगड्या समजल्या जाणाऱ्या विभागात, बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत लोळवायचं, याला 'सॅक' म्हणतात. सॅमचे साडेअकरा सॅक. (अर्धा कसा? दोघांनी मिळून पाडला तर अर्धा अर्धा वाटून घेतात. आमच्या आखाड्यात ही सोय नाही.) फेब्रुवारीत त्यानं जाहीरपणे सांगितलं होतं की मी गे आहे. त्याआधी ऑगस्टमध्येच त्यानं कॉलेजच्या अख्ख्या संघाला हे सांगून टाकलं होतं. त्या सगळ्या पोरांनी ते अख्खा मोसम पोटात ठेवलं, आणि त्या मोसमात १४ पैकी १२ सामने जिंकले.

जाहीर केल्याबरोबर काही संघांच्या अधिकाऱ्यांनी, स्वतःचं नाव न देता, 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ला सांगितलं की आता याचा नंबर घसरणार. आणि घसरला. २५६ खेळाडू उचलले गेले, सॅम २४९ वा. सेंट लुईसच्याच रॅम्स संघानं घेतला. फोनवर तो हमसून रडत होता, मग त्यानं मित्राचं चुंबन घेतलं. आमच्या यजमानांच्या घरात क्षणभर शांतता, मग एकदम टाळ्या. मी पण वाजवल्या. माझ्याच टाळ्यांचा आवाज मला बरोबर वाटला नाही. का ते पुढं सांगतो.

आता न्यायाची गोष्ट करायची तर दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागला जेडेव्हियन क्लाउनीचा. तोही त्याच विभागातला, आणि त्या मोसमात त्याचे सॅक फक्त तीन. म्हणजे तिथंही नुसते निकाल बघत नाहीत, अंगकाठी बघतात, पुढं काय होईल ते बघतात. सॅमची चाचणी खरंच बेताची झाली होती. ४० यार्ड पळायला ४.९१ सेकंद. एका जागेसाठी बुटका, दुसऱ्या जागेसाठी संथ, असं जाणकार म्हणत होते, आणि ते सगळेच खोटं बोलत नव्हते. त्या उन्हाळ्याच्या सराव सामन्यांत त्यानं तीन सॅक काढले, तरी ऑगस्टअखेर रॅम्सनं सोडला. डॅलसनं काही आठवडे सरावापुरता ठेवला. २०१५ मध्ये कॅनडात माँट्रियलकडून एक सामना, आणि संपलं. टोनी डंजी, सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक, त्याच जुलैत म्हणाला होता की मी त्याला घेतलं नसतं, त्याच्याबरोबर येणारं सगळं निस्तरायची माझी तयारी नाही. खेळ वाईट आहे असं तो म्हणालाच नाही.

उलट कार्ल नॅसिब बघा. २०१६ मध्ये तिसऱ्या फेरीत, ६५ वा. पाच मोसम खेळून झाल्यावर २०२१ च्या जूनमध्ये त्यानं सांगितलं की मी गे आहे, आणि त्यानंतरही तो खेळला. ड्राफ्टच्या दिवशी कुणाला माहीतच नव्हतं, मग नंबर कशाला घसरतो?

तर माझ्या टाळ्या.

८८-८९ साल असेल. आमच्या तालमीत एक पोरगा होता. कुठली तालीम, कुठलं गाव, विचारू नका. त्याला विचारूनच लिहितोय, पण नाव देणार नाही. ढाक असा मारायचा की समोरचा पडल्यावर विचार करायचा, काय झालं. एका जत्रेच्या पोस्टरवर त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर लागलं होतं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी! मग कुणीतरी काहीतरी पाहिलं, किंवा पाहिलं म्हणून सांगितलं. 'तो तसला आहे.' भूमिगतांना लपवणारा आमचा मुलूख, पण ही बातमी आठ दिवस पोटात राहिली नाही.

तालमीत आम्ही एकमेकांच्या अंगाला तेल चोळायचो, एका घोंगडीवर दोघं-तिघं झोपायचो. 'लंगोटाचा पक्का' हे पैलवानाचं मोठं कौतुक, आणि त्याचा अर्थ एवढाच की बाईच्या नादाला लागत नाही. त्या हिशोबानं आमच्यात सगळ्यात पक्का तोच होता की! पण ते कुणी म्हटलं नाही. उघड भांडण, मारहाण काही झाली नाही. फक्त सरावाला त्याच्याशी कुणी धरेना. एकाचं पोट दुखायचं, दुसऱ्याला शेतावर काम निघायचं.

एकदा वस्तादांनी हौद्यात उभं राहून विचारलं, "कोण धरतोय रं ह्येच्यासंगं?" वजनानं जवळचा मीच. रोज मीच धरायचो. मी म्हणालो, "वस्ताद, गुडघा दुखतोय."

गुडघ्याला काही झालं नव्हतं.

पुढच्या जत्रेला त्याचं नाव चटकदार कुस्त्यांमध्ये गेलं. त्याच्या पुढच्या वेळी ती कुस्तीही हरला. सराव कुठला, खुराक कुठला? आणि मग सगळे म्हणायला मोकळे, "बघा, दम नव्हताच त्याच्यात." मीही म्हणालो असेन. वर्षभरात तो मुंबईला गेला. तो लढत राहिला असता तर केवढा झाला असता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सॅमचंही तसंच आहे. वाईट खेळला म्हणून खाली गेला, की खाली ढकलला म्हणून खेळायला मिळालं नाही, ते वेगळं काढता येत नाही, आणि ढकलणाऱ्यांचं नेमकं तिथंच फावतं.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून ही गोष्ट गुन्हा म्हणून काढून टाकली. २०१९ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदनं आपलं एका मुलीवर प्रेम आहे असं सांगितलं, भारताची धावपटू, घरच्यांचा विरोध असताना. पेपरात ते वाचलं आणि महिनाभर शोधून मी त्याचा नंबर मिळवला. फोन लावायला मात्र आणखी दोन वर्षं घेतली.

गेल्या वर्षी तो कुंडलच्या मैदानाला आला. केस पांढरे, खांदे अजून तसेच. टेकडीवर शेजारी बसलो. शेंगा फोडत फोडत प्रत्येक जोडीत कोण पडणार ते आधी सांगत होता, बहुतेक बरोबर. मी कधीचा काहीतरी बोलायला शब्द जुळवत होतो. तेवढ्यात खालून नजर न काढता तोच म्हणाला,

"गुडघा बरा झाला का रं तुझा?"

मी म्हणालो, "आता खरंच दुखतोय."

तो हसला, आणि हातातल्या उरलेल्या शेंगा त्यानं माझ्या ओंजळीत ओतल्या. खाली पहिल्या क्रमांकाची जोड सलामीला आली होती. पुढचे लोक उभे राहिले, म्हणून आम्हीही उठलो. मला त्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.