काकांचं टेबल

कोरोनाच्या टाळेबंदीत बंद झालेली राज्यातली ग्रंथालयं ऑक्टोबर 2020मध्ये पुन्हा उघडली आणि सासरे मला जुन्नरच्या एका वाचनालयात घेऊन गेले. "सूनबाईंना कामाला बसायला जागा हवीय," एवढंच ते ग्रंथपाल काकांना म्हणाले.

पुण्याचं ऑफिस मार्चमध्ये बंद झालं, तेव्हा आम्ही गावी आलो होतो. घर मोठं, माणसं मायेची. पण टोमॅटोचे तोडे सुरू झाले की दारात क्रेट, पिकअप, मजुरांचा चहा. सून घरात बसलीय म्हणजे ती मोकळी आहे, असंच सगळ्यांना वाटायचं. माझ्यापुढे कंपनीचे हिशेब उघडे असायचे, आणि एक बेरीज सलग पुरी होत नसे.

काकांनी वर्तमानपत्रांच्या स्टँडमागचं, खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं. अट एकच, फोन व्हरांड्यात. पलीकडे पोलीस भरतीची, एमपीएससीची मुलं मास्क लावून, अंतर ठेवून अभ्यास करत. त्यांच्या शांततेत मला काम सुचू लागलं.

मी जागेचे पैसे विचारले, तर काकांनी सभासद वर्गणीची पावती फाडली. "वाचनालयाची खुर्ची भाड्यानं देत नाहीत, पोरी." आणि हे म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं मानधन किती तुटपुंजं होतं, ते मला नंतर कळलं.

कामाला जागा हवी, ही गरज माझ्या एकटीची नव्हती. 2005मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरनं एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी सामायिक जागा सुरू केली. स्वतःच्या मर्जीनं काम करायचं, तरी सोबतही हवी, ही त्याची ओढ होती. पुण्यात आज अशा जागा महिन्याच्या भाड्यानं मिळतात. मला ती ओढ समजते, कारण जुन्नरात ती माझी भागली.

काकांनी एकदा इथल्या लेण्यांवरचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, भिक्षूंसाठी ठेवी ठेवल्याचे लेख इथल्या कातळात कोरलेले आहेत. त्या दिवशी मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्यांना निवांत बसता यावं, म्हणून कुणीतरी आधीच तजवीज करून ठेवली होती.

महिनाअखेरीला मला अंधार व्हायचा. आमचा तालुका बिबट्यांचा. दार लावायची वेळ टळून गेली तरी काका "आटपा" म्हणत नसत. नवऱ्याची मोटारसायकल येईपर्यंत ते पायरीवर बसून राहत, घरी त्यांच्या आजारी पत्नी वाट पाहत असूनही. वर्गणी मी दरवर्षी भरते, पण त्या संध्याकाळी कुठल्या पावतीत मांडायच्या?

ऑफिस उघडल्यावर मी आठवड्यातले काही दिवस इथूनच काम करायची परवानगी मागून घेतली. मागच्या वर्षी शेजारच्या आळीतली एक सून शिवणाच्या ऑर्डरींचा हिशेब घेऊन वाचनालयात आली. घरी तिलाही जागा नव्हती. मी कार्यकारी मंडळाला अर्ज दिला, की खिडकीजवळ दुसरं टेबल ठेवावं, खर्च माझा. काका आता निवृत्त झालेत, पण सुताराकडे माप घेऊन तेच गेले.